पाचवं पान

काका आले ते बरोबर पावणेनऊला, ट्रॉम्बोनची काळी पेटी खांद्याला लावून, आणि आल्याआल्या म्हणाले, "सूनबाई, मास्तरांना सांग, मी आलोय."

मास्तर त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. रुमालाने कॉर्नेटचं तोंड पुसता पुसता त्यांनी उत्तर दिलं, "सूनबाई, त्याला सांग, दिसतंय मला."

मधे उभी वहिनी, झांजा छातीशी धरून. "काका, दिसतंय त्यांना," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आणि मास्तरांच्या मुलीला, टिपरीला, हसू आवरेना. अकरा वर्षांनी सख्खे भाऊ समोरासमोर आले होते आणि एकमेकांशी बोलायला त्यांना दुभाषी लागत होता.

टिपरीचा दादा मात्र हसला नाही. क्लॅरिनेटचे तुकडे जोडण्यात त्याने मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. काकांना बोलवायला त्याचा पहिल्यापासून विरोध होता. बाहेरचा कुणीही चालेल, मिलिटरीतून निवृत्त झालेला एखादा पकडू, असं तो आठवडाभर घोकत होता. शेवटी वहिनीनेच परस्पर कोळशाच्या वखारीत जाऊन, तिथल्या काट्यावर वजनं टाकणाऱ्या काकांच्या हातात चालीची वही ठेवली होती. काकांनी वही उघडली, कोणती चाल आहे ते पाहिलं, मिटली आणि म्हणाले, "वाजवीन. बोलणार नाही." नवऱ्याला हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही तो जेवायला बसल्यावर, म्हणजे उठून जाता येणार नाही.

रोजगार कचेरीचा तिसरा मजला वादकांनी भरून गेला होता. जिन्यापासून सभागृहाच्या दारापर्यंत दोन्ही भिंतींना लागून माणसं आणि पेट्या. एरवी या कचेरीत लोक रिकाम्या हातांनी येत आणि रिकाम्या हातांनी जात. आज प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. मूकपटांच्या पडद्याखाली अंधारात वाजवणारे होते, पडदा बोलायला लागल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. बंद पडलेल्या हॉटेलांतले होते, बंदरात गंजत उभ्या असलेल्या बोटींवरचे होते. एक म्हातारा व्हायोलिनवाला भिंतीवरच्या सूचनेपाशी उभा राहून ती तिसऱ्यांदा मोठ्याने वाचत होता. आसपासचे लोकही ती तिसऱ्यांदा ऐकत होते, कारण तीन वेळा ऐकूनही विश्वास बसावा अशी ती नव्हती. बेरोजगार वादकांना सरकार महिन्याच्या पगारावर कामाला घेणार. काम काय, तर वाजवणं. दवाखान्यांत, शाळांत, बागांत, कारखान्यांच्या जेवणघरांत. ऐकणाऱ्याला तिकीट नाही.

"म्हणजे रस्ते खणायचे नाहीत?" व्हायोलिनवाल्याने कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं.

"नाही हो आजोबा. वाजवायचं," टिपरी म्हणाली.

"वाजवायचं," म्हातारा म्हणाला आणि त्याने चष्मा काढून पुसला.

हे घर ज्या सर्कशीच्या बँडमध्ये वाजवायचं ती बंद पडून पावणेदोन वर्षं झाली होती. वाघ विकले, तंबू विकला, मालक एका रात्रीत परागंदा झाला, आणि बँडच्या माणसांनी मिळेल ते धरलं. दादा लाकडं कापत होता, वहिनी घरी सदऱ्यांना काजं करत होती. टिपरी औषधाच्या कारखान्यात बाटल्या धूत होती, तोही गेल्या महिन्यात बंद झाला. मास्तर घरात बसून रोज कॉर्नेट साफ करत आणि वाजवत मात्र नसत. आपल्याला जे येतं त्याचं जगात आता काही काम उरलं नाही हे सगळ्यांनी गिळून टाकलं होतं. आणि इथे सरकार दार उघडून म्हणत होतं, या, तेच करा.

अट एवढीच: गट किमान पाच जणांचा हवा, आणि एक दहा मिनिटांची चाल, समोर स्वरलिपी ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता वाजवून दाखवायची.

दुसऱ्या कुणाला ही अट अट वाटलीच नसती. या घराची मात्र तिथेच बोंब होती. सर्कशीतला बँड कुठलीही चाल शेवटपर्यंत वाजवत नाही. त्याचे डोळे रिंगणाकडे. वरचा माणूस उडी घेऊन पलीकडे पोचला आणि त्याने हात वर केला, की ढोलावर थाप, झांज, आणि खलास. मग चाल कुठेही असो. मास्तरांना शंभरावर चाली येत होत्या आणि त्यांतल्या एकीचाही शेवट त्यांनी वाजवला नव्हता. टिपरी तर नवव्या वर्षापासून ढोलावर. हात वर दिसला की तिची टिपरी आपोआप खाली यायची, त्यावरूनच तिला हे नाव पडलं.

त्यात मास्तरांनी चाल निवडली ती झुल्याची.

"हीच का?" दादाने घरी विचारलं होतं. स्वयंपाकघरात चौघं जण, ढोल ओट्याला टेकवलेला.

"लिपी असलेली एवढीच उरलीय," मास्तर म्हणाले. "बाकीच्या तंबूबरोबर गेल्या."

झुल्याची चाल म्हणजे आईची चाल. आई झुल्यावर काम करायची. सहा पानांची चाल होती, आणि चौथ्या पानाच्या शेवटी ती झुल्याची दांडी सोडायची, हवेतून पलीकडच्या फळीवर उतरायची आणि हात वर करायची. तिथे चाल संपायची. म्हणून पाचही वह्यांतली पहिली चार पानं अंगठ्यांनी काळी पडलेली आणि शेवटची दोन हात न लागलेली, करकरीत. आई कधीकधी विचारायची, "अहो, पुढच्या पानांवर काय आहे?" मास्तर म्हणायचे, "पुढे काही नाही. तू खाली येतेस, बस्स."

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारच्या खेळात तिने दांडी सोडली आणि हात वर झाला नाही. सोळा वर्षांची टिपरी ढोल घुमवत राहिली, घुमवत राहिली, थाप मारायची खूण येईना. मग मास्तरांनी कॉर्नेटवर दुसरीच चाल सुरू केली. प्रत्येक सर्कशीच्या बँडकडे एक चाल अपघातासाठी राखून ठेवलेली असते. ती ऐकली की नोकर दार उघडून लोकांना बाहेर काढायला लागतात, आणि काही भलतं घडलंय असं लोकांना वाटत नाही. काकांनी ट्रॉम्बोन टाकला आणि रिंगणात धाव घेतली. मास्तर तंबू रिकामा होईपर्यंत वाजवत राहिले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आईचे दिवस झाल्यावर काका घर सोडून गेले ते आजपर्यंत.

परीक्षेआधीच्या आठवड्यात स्वयंपाकघरात चौघांनी चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा चौथ्या पानाच्या शेवटी थांबले. कुणी ठरवून नाही. हातच पुढे जाईनात. मास्तर म्हणाले, "होईल परीक्षेत," आणि पेटी बंद केली. पाचवं पान प्रत्येकाने आपापलं, एकेकट्याने, दार लावून वाजवून पाहिलं होतं. सगळ्यांनी मिळून वाजवलं तर काय ऐकू येतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"काका," दादा अचानक म्हणाला. कचेरीत आल्यापासून पहिल्यांदाच त्याने मान वर केली होती. "आज मधेच उठून जायचं नाही हं."

वहिनीने त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. काकांचा चेहरा लाल झाला. "कोण उठून गेलं आणि कोण बसून राहिलं, ते तुझ्या बापाला विचार."

"दादा, पुरे," टिपरी म्हणाली. "आणि काका, तुम्हीही."

मास्तर रुमालाची घडी घालत होते. "सूनबाई," ते म्हणाले, "दोघांनाही सांग, माझ्या ओठांत दहाच मिनिटं आहेत. खालचे दोन दात गेल्यापासून ओठ एकदाच साथ देतात. भांडायचं ते नंतर भांडा."

तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं. आधीचा गट बाहेर आला, आणि कारकुनाने त्यांचा क्रमांक पुकारला.

सभागृह लांबट होतं, उंच खिडक्यांचं. टेबलामागे तीन माणसं. मधे करड्या स्वेटरमधल्या परीक्षक बाई, डावीकडे खिशातलं घड्याळ टेबलावर मांडून बसलेले टक्कलवाले साहेब, उजवीकडे शिक्के मारणारा कारकून. उजव्या कोपऱ्यातली खिडकी वाऱ्याने आपटत होती. त्यांचं सामान लागेपर्यंत बाई उठून ती एकदा लावूनही आल्या. तिची कडी सैल होती.

"कुठे वाजवत होतात?" बाईंनी विचारलं.

"सर्कशीत," मास्तर म्हणाले.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणजे कशाकडे तरी पाहायला हवं म्हणून. कारकून आधीच्या कागदांवर शिक्के मारत राहिला. ठप्प. ठप्प. मास्तरांनी त्याच ठेक्यात मान हलवली, आणि चाल सुरू झाली.

पहिल्या दोन ओळी टिपरीला कळल्याच नाहीत, कारण तिसऱ्या ओळीला काकांचा ट्रॉम्बोन आला आणि तिच्या पायाखालची फळी थरथरली. अकरा वर्षं या चालीला तळ नव्हता. मधल्या काळात सर्कशीत आणलेले भाडोत्री वाजवणारे सूर बरोबर काढायचे, पण असं कुणी वाजवलं नव्हतं. दादाची क्लॅरिनेट त्या आवाजावर जरा बिचकत, मग हक्काने टेकली. टिपरीने पाहिलं, दादाच्या भुवया सैल झाल्या होत्या. राग त्याच्या डोक्यात होता, बोटांना तो कुणी कळवला नव्हता.

दुसरं पान. तिसरं. मास्तरांचा कॉर्नेट स्वच्छ, उंच. टिपरीने मनाशी ठरवलं होतं की नजर कागदावरच ठेवायची. पण ढोलवाल्याने आयुष्यभर वर बघितलेलं असतं. चौथ्या पानाला तिची नजर सुटली आणि वर गेली, जिथे काहीही नव्हतं, नुसतं छत. तिने ढोल घुमवायला सुरुवात केली.

खिडकी आपटली. बाई उठल्या, दबक्या पावलांनी खिडकीपाशी गेल्या, आणि वरच्या कडीपर्यंत पोचायला त्यांनी हात वर केला.

हातातली टिपरी खाली आली. थाप. वहिनीची झांज. आणि पाचही जण त्याच क्षणी गप्प.

अशी शांतता त्या इमारतीत बहुधा कधी झाली नसेल. कारकुनाचा हात शिक्क्यासकट हवेत राहिला. बाई हात तसाच वर ठेवून वळल्या.

"संपलं?"

घराला जी एक संधी होती ती टिपरीने एका थापेत घालवली होती.

"सहा मिनिटं," साहेब म्हणाले. "अपूर्ण. अट स्पष्ट आहे."

"चूक माझी आहे," टिपरी म्हणाली. "बाईंनी हात वर केला."

"मी? मी खिडकी लावत होते!"

"हो. पण आमच्याकडे हात वर झाला की माणूस पोचला, असं असतं. मग थांबायचं. त्याला एक क्षणही जास्त लटकत ठेवायचं नाही."

बाईंनी हात हळूच खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "पाच जण एका क्षणात थांबलात. तुमच्यातल्या कुणी कुणाकडे बघितलंही नाही." त्या साहेबांकडे वळल्या. "तीस वर्षं शिकवतेय मी. मला दोघांना एकत्र थांबवता येत नाही." मग मास्तरांना म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून वाजवाल?"

मास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली. त्यांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणणं खोटं झालं असतं. टिपरीला त्यांच्याकडे बघवेना.

"नाही जमणार त्यांना," काका म्हणाले. ते वहिनीकडे न बघता सरळ बाईंशी बोलत होते. "चौसष्ट वय आहे. ओठ एवढे टिकले हेच खूप. पण इथून पुढे वाजवतील ते. पुढचंच वाजवायचं राहिलंय."

मास्तरांनी भावाकडे पाहिलं. काकांनी बघणं टाळलं.

"मधे मी उठले," बाई म्हणाल्या. "ते माझ्यामुळे थांबले, त्यांची चूक नाही. घड्याळ थांबवलंत ना? मग तिथूनच चालू करा." त्या खुर्चीत बसल्या आणि शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून म्हणाल्या, "हं. आता मी हलणार नाही."

पाच जणांनी पान उलटलं. करकरीत कागदाचा आवाज झाला.

टिपरीच्या पाचव्या पानावर काहीच नव्हतं. म्हणजे चाळीस आवर्तनं मोजत थांबायचं, एवढंच. घरी एकटीने तालीम करताना ते पान तिने मोजून संपवलं होतं. आता हातात टिपऱ्या धरून ती नुसती उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाकडेही लक्ष ठेवायचं नसताना, तिने आपल्या घराला वाजवताना ऐकलं.

तीच चाल होती. पण सावकाश, खालच्या सुरात, जमिनीवरून चालणाऱ्या माणसाच्या गतीने. चार पानं जी वर वर चढत गेली होती ती इथे निवांत खाली आली होती. ज्याने कुणी ती लिहिली त्याला माहीत होतं की वर गेलेल्याला घरीही यायचं असतं, आणि त्यासाठी त्याने दोन पानं राखून ठेवली होती. तीन पिढ्यांनी ती वही बैलगाड्यांतून, आगगाड्यांतून, पावसातून वाहिली होती आणि हे आत होतं. सगळा वेळ आत होतं. टिपरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. पुढे काय आहे, असं आई विचारायची. आई, हे आहे.

तेवढ्यात मास्तरांचा सूर चिरला.

एक श्वास गेला, दुसरा नुसता वाऱ्यासारखा निघाला. ओठ संपले होते. मास्तरांनी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला, आणि काहीच उमटलं नाही. साहेबांनी पेन उचललं. आणि मग खालून, पायाखालच्या फळीतून आल्यासारखी, चाल पुढे सरकली. काकांनी ती उचलली होती. त्यांच्या कागदावर ती नव्हती. नळी मागेपुढे सरकत होती आणि मास्तरांचा सूर, मास्तरांच्याच श्वासाच्या जागा ठेवून, ट्रॉम्बोनमधून येत होता. दादाने एकदा काकांकडे पाहिलं आणि काकांची रिकामी पडलेली जागा स्वतः क्लॅरिनेटने भरली. मास्तर कॉर्नेट छातीशी धरून उभे होते. कामाच्या मधे त्यांनी कधी कुणाकडे वळून पाहिलं नव्हतं, आज ते भावाकडे तोंड करून उभे राहिले.

सहाव्या पानाला मास्तर परतले, अगदी हलक्या आवाजात, जेवढा ओठ उरला होता तेवढ्यावर. शेवटच्या ओळीत एकेक जण थांबत गेला, झांज, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, कॉर्नेट, आणि सगळ्यात शेवटी टिपरीच्या वहीत एकच खूण होती. हात कुणाचाच वर नव्हता. तिने ती थाप आपल्या मनाने दिली, बोटाने दार वाजवावं एवढी हळू.

खिडकी आपटली. या वेळी कुणीही उठलं नाही.

कारकुनाने शिक्का टेबलावर उताणा ठेवला होता आणि त्याची शाई त्याच्या मनगटाला लागली होती, हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. साहेब घड्याळाला किल्ली द्यायला लागले, तेही उलट्या बाजूने. बाईंनी हात मांड्यांखालून काढले, पण टाळ्या वाजवायला त्या घाबरल्या असाव्यात. त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि विचारलं, "हे याआधी कुठे वाजवलंत?"

"कुठेच नाही," मास्तर म्हणाले. "आम्हीही आत्ताच ऐकलं."

बाईंनी कारकुनाकडचा अर्ज ओढून घेतला, स्वतः सही केली, स्वतःच शिक्का मारला. "उद्या सकाळी आठ. मोठ्या दवाखान्याचा व्हरांडा. हाडं मोडलेल्यांचा विभाग आहे. महिनाभर पडून असतात बिचारे." त्यांनी कागद टिपरीच्या हातात दिला. "आणि हीच चाल वाजवा. पूर्ण."

बाहेर व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्याने त्यांना वाट करून दिली. दाराला कान लावून त्याने सगळं ऐकलं होतं. मास्तरांच्या कॉर्नेटला त्याने नुसता हात लावला.

जिन्याच्या पहिल्या वळणावर मास्तर दमून पायरीवर बसले. वहिनी पाणी आणायला निघाली, पण मास्तर बोलायला लागले तशी थांबली. ते तिच्याशी बोलत नव्हते.

"बाराशे माणसं होती तंबूत," ते म्हणाले. "दार एक. मी थांबलो असतो तर पोरं चेंगरली असती." ओठ सुजले होते, शब्द नीट निघत नव्हते. "तू तिच्याकडे धावलास ते मी ऐकलं. तुझी पावलं ओळखतो मी. म्हटलं, हा पोचला तिच्यापाशी, ती एकटी नाही. म्हणून वाजवू शकलो. नाहीतर कॉर्नेट हातातून गळून पडला असता."

काका कठड्याला धरून उभे होते. वहिनीने आशेने त्यांच्याकडे पाहिलं, निरोप घेऊन जायची तिची तयारी होती. दादा पुढे झाला आणि त्याने काकांच्या खांद्यावरची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्यांनी पेटी सोडली.

"ती विचारत होती," काका म्हणाले. "मी पोचलो तेव्हा. म्हणाली, ते वाजवतायत ना? म्हटलं, हो. तर म्हणाली, मग ठीक आहे."

मास्तरांनी रुमाल तोंडावर धरला. जिन्यावरून वरखाली जाणारे वादक त्यांना वळसा घालून जात होते, कुणी विचारलं नाही. किती तरी वेळाने काका त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, दोन हात सोडून नाही, अगदी खेटून.

"उद्या आठ म्हणजे घरातून किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"सातला," मास्तर म्हणाले.

"लवकर आहे."

"तू लवकर कधी उठलायस?" मास्तर म्हणाले. "आज घरीच झोप."